आधी नोंद, मग उत्तर : पासवर्डच्या राखणीतली एक जुनी चूक आणि तिची दुरुस्ती



आजची पोस्ट जरा लाज गिळून लिहितेय. आमच्या लॅबच्या आतल्या खोलीला मी गेल्या वर्षी आकड्यांचं एक कुलूप बनवलं होतं. छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, बारा बटणांचा कीपॅड, दाराला सोलेनॉइडची कडी. चार आकडी पिन. पाच वेळा चुकला की कुलूप पंधरा मिनिटं मुकं. त्या खोलीत महागडी उपकरणं आहेत, आणि त्याहून महाग म्हणजे एका सीनियरच्या तीन वर्षांच्या मोजमापांच्या हार्ड डिस्क आहेत. कुलूप सगळ्यांना आवडलं. सरांनी पाहुण्यांनाही दाखवलं.

मग एका दुपारी एमएस्सीच्या प्रोजेक्टला आलेला एक मुलगा म्हणाला, "ताई, तुमच्या कुलपात मी हवे तितके पिन टाकू शकतो. बघायचंय?"

त्याने चुकीचा पिन दाबला. लाल दिवा लागला, बझर वाजायला सुरुवात झाली आणि त्याच क्षणी त्याने कॉरिडॉरमधल्या सॉकेटातून ॲडॉप्टरचा प्लग उपटला. पुन्हा लावला. पुन्हा चुकीचा पिन, लाल दिवा, प्लग बाहेर. सहा, सात, आठ वेळा. कुलूप काही मुकं होईना.

मी कोड उघडला. कारण एका ओळीत सापडलं. चुकलेल्या प्रयत्नाची नोंद मी कायमच्या मेमरीत लिहीत होते खरी, पण बझर वाजवून झाल्यावर. बझर अर्धा सेकंद वाजायचा. त्या अर्ध्या सेकंदात वीज गेली की नोंद झालीच नाही. उत्तर मात्र मिळालेलं असायचं.

हिशेब करून बघा. प्लग काढून-लावून एका प्रयत्नाला आठ सेकंद धरले, तर १०,००० पिन संपवायला ८०,००० सेकंद, म्हणजे सव्वाबावीस तासांच्या आत काम फत्ते. दिवाळीच्या सुट्टीत कुणी निवांत बसून हे केलं असतं तर आम्हाला पत्ताही लागला नसता.

त्या संध्याकाळी मी वाचायला बसले, आणि कळलं की ही चूक माझ्या एकटीची नाही. पन्नासेक वर्षांपूर्वीच्या एका नावाजलेल्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तिचीच थोरली बहीण होती, आणि २०१४ साली कोट्यवधी लोकांच्या खिशातल्या फोनमध्ये तिची धाकटी. ज्यांना संशोधनाकडे यायचंय त्यांनी ही तीनही प्रकरणं एकत्र बघावीत असं मला वाटतं, कारण एकेकटं पाहिलं तर प्रत्येक प्रकरण 'गंमतशीर बग' वाटतं. एकत्र पाहिलं की नियम दिसतो.

तीन सेकंदांचा पहारेकरी

पहिलं प्रकरण टेनेक्सचं. १९७०च्या आसपास बीबीएन या अमेरिकन कंपनीत पीडीपी-१० या संगणकासाठी ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार झाली. एक संगणक, अनेक वापरणारे, प्रत्येकाच्या वेगळ्या डिरेक्टरी, असा तो काळ. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी नेटवर्कवरून पहिला ईमेल पाठवला तो टेनेक्सवर चालणाऱ्या यंत्रांवरूनच. म्हणजे हे काही कच्च्या लोकांचं काम नव्हतं, हे लक्षात ठेवा.

टेनेक्समध्ये दुसऱ्या कुणाच्या डिरेक्टरीत जायचं तर 'कनेक्ट' नावाचा सिस्टीम कॉल होता. तुमचा प्रोग्रॅम त्याला दोन गोष्टी सांगायचा : कुठली डिरेक्टरी, आणि पासवर्ड माझ्या मेमरीत कुठल्या पत्त्यावर लिहून ठेवलाय. पासवर्ड स्वतः द्यायचा नाही, त्याचा पत्ता द्यायचा. सिस्टीम त्या पत्त्यावर जाऊन एकेक अक्षर उचलायची आणि खऱ्या पासवर्डशी ताडून बघायची. साध्या मराठीत तो कोड असा :

पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत जा.
खरं अक्षर आणि दिलेलं अक्षर वेगळं निघालं, तर तीन सेकंद थांब आणि 'पासवर्ड चुकला' असं सांग.
सगळी अक्षरं जुळली, तर आत घे.

ते तीन सेकंद म्हणजे पहारेकरी. कुणी प्रोग्रॅम लिहून धडाधड अंदाज मारू नयेत म्हणून प्रत्येक चुकीला तीन सेकंदांचा दंड. आणि हा दंड पुरेसा आहे का? टेनेक्समध्ये एक अक्षर ७ बिटांचं, म्हणजे १२८ शक्यता. पासवर्ड आठ अक्षरी आणि खरोखर रॅंडम असेल तर सरासरी १२८चा आठवा घात भागिले दोन, म्हणजे ३६ वर १५ शून्यं इतके प्रयत्न. प्रत्येकाला तीन सेकंद. साधारण ३४२ कोटी वर्षं. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं आहे, त्यावरून अंदाज घ्या. कागदावर पहारा अभेद्य होता.

आता गंमत बघा. मेमरी ही 'पेज' नावाच्या तुकड्यांत वाटलेली असते. तुमच्या प्रोग्रॅमला काही पेजं दिलेली असतात, काही नसतात. न दिलेल्या पेजला हात लावला की प्रोसेसर अडतो, आणि टेनेक्समध्ये ही बातमी थेट तुमच्या प्रोग्रॅमला मिळायची : 'अमुक पेज अस्तित्वात नाही.'

मग हल्लेखोराने काय करायचं? अंदाजाचं पहिलं अक्षर एका पेजच्या अगदी शेवटच्या जागी ठेवायचं. पुढचं पेज मुद्दाम मोकळं, न घेतलेलं. आता 'कनेक्ट' करायचं. दोनच गोष्टी घडू शकतात.

पहिलं अक्षर चुकलं असेल, तर सिस्टीम तिथेच थांबते, तीन सेकंद घेते आणि 'पासवर्ड चुकला' म्हणते.

पहिलं अक्षर बरोबर असेल, तर सिस्टीम दुसरं अक्षर उचलायला पुढच्या पेजवर जाते. ते पेज नाहीच. प्रोसेसर अडतो, आणि तुम्हाला 'पेज नाही' अशी बातमी मिळते.

म्हणजे 'पासवर्ड चुकला' हे उत्तर आलं तर अक्षर चूक, 'पेज नाही' हे उत्तर आलं तर अक्षर बरोबर! पहिलं अक्षर सापडलं की अंदाज एका जागेने मागे सरकवायचा, म्हणजे आता दुसरं अक्षर पेजच्या शेवटी येतं. मग तिसरं. प्रत्येक अक्षराला सरासरी ६४ प्रयत्न. आठ अक्षरांना ५१२. प्रत्येकी तीन सेकंद धरले तरी १,५३६ सेकंद, म्हणजे पंचवीस-सव्वीस मिनिटं.

३४२ कोटी वर्षांवरून सव्वीस मिनिटं. आणि पासवर्ड तोच, पहारेकरी तोच, कोडमध्ये एकही अक्षर बदललेलं नाही.

हे प्रकरण बटलर लॅम्पसन यांनी १९८३ साली संगणक-प्रणालींच्या रचनेवर लिहिलेल्या 'हिंट्स फॉर कम्प्युटर सिस्टीम डिझाइन' या निबंधात उदाहरण म्हणून दिलं आहे. त्यांना पुढे १९९२चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. निबंध जरूर वाचा, भाषा सोपी आहे. त्यांचा मुद्दा असा की सिस्टीमच्या कोडमधली मेमरी वाचण्याची साधी सूचनाही दिसते तितकी साधी नसते. ती अडली तर सिस्टीमच्या हातात सूत्रं येण्याआधीच बातमी बाहेर जाऊ शकते. रचना करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दोनच उत्तरं होती, 'आत ये' आणि 'चुकला'. तिसरं उत्तर आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : पहारेकरी झोपला नव्हता. त्याने प्रत्येक 'चुकला'ला इमाने इतबारे तीन सेकंद घेतले. फक्त तो समोरच्या दारात उभा होता आणि खबर मागच्या दाराने चालली होती.

ठिगळ आणि इलाज

आता तुम्हाला ही सिस्टीम दुरुस्त करायला दिली, तर काय कराल? खाली वाचण्याआधी दोन मिनिटं खरंच विचार करा. पेटच्या मुलाखतीत असा प्रश्न आला तर बरेच जण पहिल्या उत्तरावर थांबतात.

पहिलं उत्तर : 'पेज नाही' अशी बातमी येईल तिथेही तीन सेकंद थांबवा. हे ठिगळ आहे. वेळ सारखा झाला, पण दोन उत्तरं अजून वेगळीच आहेत. हल्ला जसाच्या तसा चालतो, बरोबर अक्षरालाही तीन सेकंद लागतात इतकंच.

दुसरं उत्तर : ताडून बघण्याआधी तपासा की पासवर्ड ज्या पेजांवर आहे ती सगळी पेजं खरंच आहेत का. हे बरं आहे, पण पुरेसं नाही. 'तपासणं' आणि 'वापरणं' यांच्यात फट राहते. त्या फटीत त्याच मेमरीवर काम करणाऱ्या दुसऱ्या प्रोसेसने पेज काढून टाकलं तर? तपासणी खरी होती, पण एका क्षणापूर्वीची. ऑपरेटिंग सिस्टीमच्या सुरक्षेत ही फट इतक्या वेळा सापडते की तिच्यासाठी स्वतंत्र नाव पडलंय.

तिसरं उत्तर : दिलेला पासवर्ड आधी पूर्णच्या पूर्ण सिस्टीमच्या स्वतःच्या मेमरीत कॉपी करून घ्या. अडायचं असेल तर तिथेच अडू दे. त्या क्षणापर्यंत खऱ्या पासवर्डला हातच लावलेला नाही, त्यामुळे 'पेज नाही' या बातमीतून हल्लेखोराला फक्त त्याच्याच मेमरीबद्दल कळतं, जे त्याला आधीच माहीत आहे. कॉपी झाल्यावर ताडा. हा इलाज.

पण थांबा, अजून एक धागा लोंबतोय. ताडताना पहिल्या चुकीच्या अक्षरावर थांबलो, तर जितकी अक्षरं बरोबर तितका वेळ जास्त लागतो. हा फरक फार सूक्ष्म असतो, पण हजारो वेळा मोजून सरासरी काढली की सूक्ष्म फरकही वर येतो. म्हणून गुपित ताडताना मध्ये थांबायचं नाही, शेवटपर्यंत जायचं, फरक गोळा करत राहायचं आणि निकाल शेवटी एकदाच द्यायचा. ओपनबीएसडीमध्ये यासाठी टायमिंगसेफ-बीसीएमपी नावाचं वेगळं फंक्शनच दिलेलं आहे.

आणि चौथी गोष्ट : मुळात पासवर्ड जसाच्या तसा साठवायचाच नाही. त्याचा हॅश, म्हणजे उलटा फिरवता न येणारा ठसा, ठेवायचा आणि ठशाशी ठसा ताडायचा. युनिक्समध्ये हे कसं आलं, मीठ का घातलं, वगैरे गोष्ट रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९च्या लेखात सांगितली आहे. हॅश वापरला की अंदाजातलं एक अक्षर बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो, त्यामुळे 'पहिलं अक्षर बरोबर' या माहितीला अर्थच उरत नाही.

हॉस्टेलच्या मेसचं उदाहरण घ्या. काउंटरवर आधी कूपन फाडतात, मग ताट देतात. उलटं केलं, म्हणजे ताट आधी आणि कूपन जेवून झाल्यावर, तर काय होईल हे हॉस्टेलवर राहिलेल्याला सांगायला नको. टेनेक्समध्ये ताट आधी मिळत होतं. माझ्या कुलपातही.

तीच चूक, चाळीस वर्षांनी

आता फोनकडे येऊ. आयफोनमध्ये पिनवरून किल्ली तयार करण्याची क्रिया मुद्दाम संथ ठेवलेली आहे. ॲपलच्या सांगण्यानुसार एका प्रयत्नाला साधारण ८० मिलिसेकंद लागतात. चार आकडी पिनच्या १०,००० शक्यता गुणिले ८० मिलिसेकंद म्हणजे ८०० सेकंद, सव्वातेरा मिनिटं आणि थोडं वर. म्हणजे नुसत्या संथपणावर चार आकडी पिन टिकत नाही. खरी राखण आहे ती मोजणीची : काही चुकांनंतर एक मिनिट थांबा, मग पाच, मग पंधरा, मग तास. आणि तुम्ही तसं ठरवलं असेल तर दहा चुकांनंतर सगळं पुसून टाक.

मार्च २०१५ मध्ये एमडीसेक या ब्रिटिश सुरक्षा-कंपनीने 'आयपी बॉक्स' नावाच्या एका उपकरणाबद्दल लिहिलं. फोन-दुरुस्तीच्या बाजारात ते सुमारे २०० पौंडांना मिळत होतं. ते यूएसबीतून फोनला पिन पाठवायचं आणि पडद्यासमोर लावलेल्या प्रकाशाच्या सेन्सरने बघायचं की पडदा उजळला का. उजळला तर पिन सापडला. नाही, तर ते लगेच फोनची वीज तोडायचं, चुकलेला प्रयत्न फ्लॅश मेमरीत लिहिला जाण्याआधी. फोन पुन्हा सुरू व्हायला वेळ लागायचा, म्हणून एका प्रयत्नाला सुमारे ४० सेकंद. १०,००० गुणिले ४० म्हणजे चार लाख सेकंद, १११ तास. पाच दिवसांच्या आत कुठलाही चार आकडी पिन, आणि 'दहा चुकांनंतर पुसा' हे चालू असलं तरीही!

ओळखलंत ना? हेच ते लाल दिवा, बझर आणि प्लग. आमच्या एमएस्सीच्या मुलाने हे वाचलं नव्हतं, त्याला ते स्वतःला सुचलं होतं. माझी मान त्यामुळे अजूनच खाली गेली.

ॲपलने आयओएस ८.१.१ मध्ये, नोव्हेंबर २०१४ ला, पिनची मर्यादा काही परिस्थितीत लागू होत नसल्याची एक त्रुटी दुरुस्त केली होती. एमडीसेकचा अंदाज होता की आयपी बॉक्स वापरतो ती हीच त्रुटी असावी. दुरुस्तीचं तत्त्व सोपं आहे : उत्तर पडद्यावर दिसण्याआधी नोंद फ्लॅशमध्ये पक्की झालेली असली पाहिजे. आधी कूपन, मग ताट.

पण नोंदच मागे फिरवली तर?

इथे बरेच जण थांबतात. संशोधक मात्र पुढचा प्रश्न विचारतो : नोंद पक्की झाली, पण कुठे? साध्या फ्लॅश चिपमध्ये. मग त्या चिपची आधीच प्रत काढून ठेवली, पाच-सहा प्रयत्न केले आणि जुनी प्रत परत लिहिली तर? मोजणी पुन्हा शून्यावर.

हा प्रश्न २०१६ मध्ये फार गाजला. डिसेंबर २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथे झालेल्या हल्ल्यातल्या एका हल्लेखोराचा आयफोन ५सी एफबीआयकडे होता, आणि मोजणीच्या राखणीमुळे तो उघडेना. प्रकरण कोर्टात गेलं. त्या वेळी काही तज्ज्ञांनी हा चिपच्या प्रतीचा मार्ग सुचवला होता, पण एफबीआयच्या संचालकांनी तो चालत नसल्याचं जाहीरपणे सांगितलं. शेवटी मार्च २०१६ मध्ये एफबीआयने दुसऱ्याच कुणाच्या मदतीने फोन उघडला आणि खटला मागे घेतला.

सप्टेंबर २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातले सर्गेई स्कोरोबोगाटोव्ह यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी आयफोन ५सीची फ्लॅश चिप सोल्डर सोडवून बाहेर काढली, तिची प्रत केली आणि ती फोनला जोडून दाखवली. बाजारात मिळणारं साधं सामान वापरून. सहा प्रयत्नांचं एक आवर्तन, त्याला ९० सेकंद. १०,००० भागिले ६, गुणिले ९० : दीड लाख सेकंद, म्हणजे दोन दिवसांपेक्षा कमी. 'चालत नाही' म्हणून निकालात काढलेली गोष्ट एका माणसाने टेबलावर करून दाखवली. तुमच्यातल्या ज्यांना वाटतं की मोठ्या लोकांनी निकाल दिलेल्या प्रश्नात आता उरलंय काय, त्यांनी हा निबंध आधी वाचावा.

यावरचा इलाज म्हणजे मोजणी अशा जागी ठेवणं जिथली प्रत काढून परत लावता येत नाही. ॲपलच्या २०२०च्या शरद ऋतूपासून आलेल्या उपकरणांत यासाठी वेगळी सुरक्षित चिप आहे. तिच्यात प्रत्येक कप्प्यात चार गोष्टी असतात : १२८ बिटांचं मीठ, पिन पडताळण्यासाठी १२८ बिटांचा आकडा, ८ बिटांची मोजणी आणि ८ बिटांची कमाल मर्यादा. अंदाज आला की चिप काय करते, तो क्रम नीट बघा. आधी मोजणी एकने वाढवते. वाढलेली मोजणी मर्यादेच्या पुढे गेली तर कप्पा पुसून टाकते. नसेल तरच अंदाज ताडते. बरोबर निघाला तर मोजणी शून्य करते आणि किल्लीसाठी लागणारा भाग देते.

म्हणजे प्रत्येक प्रयत्न हा आधी 'चूक' म्हणूनच लिहिला जातो. बरोबर निघालाच तर मागाहून खोडला जातो. तीन सेकंदांच्या पहारेकऱ्यापासून इथपर्यंत यायला पन्नास वर्षं लागली.

माझं कुलूप

आता मी कोड कसा बदलला ते सांगते, कारण तत्त्व कळणं वेगळं आणि ते चार रुपयांच्या मेमरीवर उतरवणं वेगळं.

पहिला बदल उघडच : मोजणी वाढवणं ताडण्याच्या आधी. एका बाइटचं लिखाण साडेतीन मिलिसेकंदांच्या आत होतं, माणसाला कळतही नाही. लिहून झाल्यावर परत वाचून खात्री करायची, मगच ताडायचं.

दुसरा मुद्दा मला दोन दिवसांनी सुचला. लिखाण चालू असतानाच वीज गेली तर? या प्रकारच्या मेमरीत लिहिताना बाइट आधी पुसला जातो, आणि पुसलेला बाइट म्हणजे सगळे बिट १, म्हणजे २५५. माझ्या जुन्या कोडमध्ये मी 'उरलेले प्रयत्न' साठवत होते. नेमक्या क्षणी प्लग काढला असता तर कुलपाने वाचलं असतं : अजून २५५ प्रयत्न शिल्लक! आता 'झालेले प्रयत्न' साठवते. २५५ झाले म्हणजे मर्यादेच्या कितीतरी पुढे, कुलूप बंद. बिघडायचंच असेल तर बंद होऊन बिघड, उघडं राहून नको.

तिसरं : पंधरा मिनिटांची शिक्षाही वीज गेल्यावर विसरली जात होती, कारण बोर्डाला घड्याळ नाही. आता सुरू होताना आधी मोजणी वाचली जाते, आणि मर्यादा ओलांडलेली असेल तर पंधरा मिनिटं पहिल्यापासून.

चौथं : ही मेमरी एका जागी सुमारे एक लाख वेळा लिहिता येते. दार दिवसाला ५० वेळा उघडतं. प्रत्येक उघडण्याला दोन लिखाणं, एक वाढवण्याचं आणि एक शून्य करण्याचं. दिवसाला १००. म्हणजे १,००० दिवसांत ती जागा झिजणार, माझ्या पीएचडीच्या आधी! म्हणून आता मोजणी आलटून पालटून वेगवेगळ्या जागी लिहिली जाते.

आणि या सगळ्याची एक किंमत आहे. बरोबर पिन टाकताना नेमकी लाइट गेली, तर एक प्रयत्न फुकट जातो. शिवाय कुणी मुद्दाम पाच चुकीचे पिन टाकून आम्हालाच पंधरा मिनिटं बाहेर ठेवू शकतो. एकदा सबमिशनच्या आदल्या दिवशी तसं झालंसुद्धा. राखण फुकट मिळत नाही. किंमत कुणाला मोजायला लावायची इतकंच आपल्या हातात.

संशोधनाकडे येणाऱ्यांसाठी

कुठल्याही राखणीकडे बघताना मी आता वहीत तीन प्रश्न लिहिते.

१. उत्तर बाहेर पडण्याच्या वाटा किती? फक्त छापलेला संदेश मोजू नका. वेळ, अडखळणं, दिवा, आवाज, विजेचा वापर, सगळं उत्तरच असतं.

२. दंड उत्तराच्या आधी वसूल होतो की नंतर? नंतर असेल, तर मधल्या फटीत काय काय घडू शकतं?

३. दंडाची नोंद कुठे आहे, आणि ती मागे फिरवता येते का?

टेनेक्स पहिल्या प्रश्नावर अडलं, आयपी बॉक्सचा फोन दुसऱ्यावर, आयफोन ५सी तिसऱ्यावर. माझं कुलूप दुसऱ्यावर आपटलं आणि तिसऱ्यावर थोडक्यात वाचलं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे प्रयोग स्वतःच्या वस्तूवर करायचे, किंवा मालकाच्या स्पष्ट, शक्यतो लेखी परवानगीने. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६ विनापरवानगी घुसण्याबद्दलच आहेत, आणि 'मी फक्त बघत होतो' हा काही बचाव नव्हे. त्या मुलाने आधी मला विचारलं, माझ्यासमोर करून दाखवलं, आणि कोड दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण शोधलेली त्रुटी कळवण्याची रीत नेमकी हीच आहे.

जाता जाता तुमच्यासाठी गृहपाठ. चौथ्या बदलात मी मोजणी वेगवेगळ्या जागी लिहिते असं म्हटलं. मग सुरू होताना यातली 'शेवटची' नोंद कुठली हे कुलपाला कसं कळावं? आणि नेमकी तीच लिहिताना वीज गेली तर जुनी नोंद खरी धरायची का? नीट विचार करा. माझं पहिलं उत्तर चुकलं होतं, आणि ते कुणी शोधून काढलं हे सांगायची गरज नाही.

त्या मुलाचं नाव आता कुलपाच्या कोडमध्ये सर्वांत वरच्या ओळीत आहे, माझ्या नावाच्या आधी.